भरतीच्या वाटेने मिठी

मुंबईच्या उपनगरांतून वाहणाऱ्या दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चारही नद्या साष्टी बेटाच्या मध्यभागातील डोंगरांत, म्हणजे आजचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेल्या आरेच्या टेकड्या यांच्या परिसरात उगम पावतात आणि वीस किलोमीटरांच्या आतच खाडीला मिळतात. त्यांपैकी मिठी ही सर्वांत लांब असली तरी तिची लांबी सुमारे १८ किलोमीटरच भरते आणि तिचा पाणलोट, म्हणजे ज्या क्षेत्रावर पडलेला पाऊस उताराने वाहत अखेर तिच्या पात्रात येतो ते क्षेत्र, ७,२९५ हेक्टरांचे आहे. गोदावरी किंवा भीमा यांच्याशेजारी ठेवल्यास ही नदी ओढ्यात जमा होईल. परंतु विहार, पवई, मरोळ, साकीनाका, कुर्ला, कालिना, वाकोला, धारावी आणि माहीम एवढ्या वस्त्या जिच्या काठी किंवा जिच्या उपनाल्यांच्या काठी दाटीने उभ्या आहेत, अशी दुसरी नदी महाराष्ट्रात शोधू गेल्यास सहज सापडणार नाही.

नदीचे वर्णन उगमापासून मुखाकडे करण्याची रीत आहे. मिठीच्या बाबतीत उलट दिशा अधिक उपयोगी पडते, कारण तिच्या खालच्या अंगाचा स्वभाव डोंगराने जितका घडवला आहे त्याहून अधिक समुद्राने घडवला आहे. माहीमच्या खाडीतून दिवसातून दोनदा भरतीचे पाणी आत शिरते, धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल ओलांडून कुर्ला-कालिन्याच्या पट्ट्यापर्यंत चढते आणि दोनदा मागे फिरते. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ज्याला कोळी लोक उधाण म्हणतात त्या दिवसांत, पाण्याची उंची सर्वांत जास्त असते, तर अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगाच्या दिवसांत ती बरीच कमी असते. डोंगराच्या बाजूने पाहणाऱ्याला ही नदी पुढे वाहत जाणारी एक रेषा वाटते. समुद्राच्या बाजूने पाहणाऱ्याला मात्र ती दोन पाण्यांच्या मधली जागा दिसते. वरून येणारा पाऊस आणि खालून येणारी भरती या दोघांना एकाच वेळी सामावून घेण्यासाठी ही जागा हजारो वर्षांत तयार झालेली होती. गेल्या पावणेदोनशे वर्षांत मिठीवर जे जे बांधले गेले ते या जागेकडे मोकळी पडलेली जमीन म्हणून पाहत बांधले गेले, आणि तिचे आजचे बहुतेक दुखणे त्या एका समजुतीतून निघालेले आहे.

मुखाकडचा भाग दीर्घकाळ सीमा होता. मुंबई बेट इंग्रजांकडे आणि साष्टी पोर्तुगिजांकडे असताना माहीमची खाडी आणि तिला लागून शीवपर्यंत पसरलेली दलदल हीच दोन सत्तांमधली हद्द होती. खाडीच्या एका काठी माहीमचा किल्ला, तर दुसऱ्या काठी वांद्रे, आणि मधली वाहतूक होड्यांनी. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टीवर चढाई करून ठाणे घेतले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा ही खाडी इंग्रजी मुंबई आणि मराठी साष्टी यांच्यातली सीमा बनली. धारावीत मिठीच्या काठी जो लहानसा रिवा किल्ला आहे, ज्याला लोक काळा किल्ला म्हणतात, त्यावरील शिलालेखात गव्हर्नर जॉन हॉर्न यांचे नाव आणि १७३७ हेच साल आहे. साष्टीत मराठे उतरल्यावर खाडीपलीकडच्या इंग्रजांना किती घोर लागला असेल याची ती दगडात राहिलेली नोंद आहे. आज त्या किल्ल्याच्या भोवती घरे इतकी दाटली आहेत की रस्त्यावरून जाणाऱ्याला तो दिसतही नाही. ज्या काळी तो बांधला गेला त्या काळी मात्र त्याच्या तटावरून समोर फक्त चिखल, तिवरे आणि पाणी दिसत असले पाहिजे, कारण टेहळणीचा किल्ला जिथे दूरवर नजर जाते तिथेच बांधतात.

सीमेचा हा अडसर पुढे अडचणीचा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर डंकन यांच्या काळात शीवचा बंधारा, म्हणजे दलदलीवर भराव घालून केलेला उंच रस्ता, तयार झाला. त्यानंतर १८४५ मध्ये माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा बंधारा खुला झाला, आणि त्यासाठी लेडी जमशेटजी जीजीभॉय, म्हणजे अवाबाई, यांनी १ लाख ५७ हजार रुपयांची देणगी दिली. या देणगीचे मोल कमी लेखता येणार नाही, कारण खाडी ओलांडणे हे तोवर गरिबाच्या जिवावर बेतणारे काम होते. तरीही नदीच्या अंगाने पाहता या बंधाऱ्यांनी एक नवा प्रघात पाडला हेही नोंदवले पाहिजे: जिथे पाण्याला सबंध रुंदी मिळत होती तिथे त्याने पुलाच्या कमानींतून जावे असे ठरले. पुढे लोहमार्ग आला, रस्ते आले, जलवाहिन्या आल्या, आणि प्रत्येकाने पाण्यासाठी आपापल्या मापाची एकेक खिडकी ठेवली.

खाडीच्या काठावरच्या खारट दलदलीला कोकणात खाजण म्हणतात. भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या या चिखलात तिवराची झाडे वाढतात. चिखलात हवा नसल्यामुळे त्यांची मुळे जमिनीतून वर डोके काढून श्वास घेतात, आणि या उभ्या मुळांच्या गर्दीत गाळ अडतो, लाटांचा जोर मोडतो आणि माशांच्या पिलांना आसरा मिळतो. माहीम आणि धारावी या दोन्ही ठिकाणचे कोळीवाडे या खाजणाच्या आधाराने वसले आणि चिंबोऱ्या, बोय, निवट्या ही त्यांची रोजची मिळकत होती. निवट्या हा चिखलावर सरपटत चालणारा लहान मासा आहे, आणि पाणी व जमीन या दोन्हींत वावरणारा तो जीव मिठीच्या मुखाची खरी ओळख सांगतो, कारण तिथे पाणी कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते हे दिवसाच्या प्रत्येक प्रहराला वेगळे असते. नकाशा काढणाऱ्याला ही गोष्ट मानवत नाही. त्याला एकच रेषा हवी असते, आणि ती ओहोटीच्या वेळी काढली तर शेकडो हेक्टर खाजण ‘पडीक’ ठरते.

तसे ते ठरलेही. १९७७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या नियोजनाचे अधिकार सोपवण्यात आले, आणि मिठी नदी, वाकोला नाला व माहीमची खाडी यांच्या दोन्ही बाजूंची मिळून ३७० हेक्टर सखल जमीन या संकुलासाठी निश्चित झाली. दक्षिण मुंबईत एकवटलेली कार्यालये उत्तरेकडे यावीत हा हेतू योग्य होता आणि तो बऱ्याच अंशी सफळही झाला. बँका, हिरेबाजार आणि मोठ्या कंपन्या आज तिथेच आहेत. परंतु त्या जमिनीचा सखलपणा हा तिचा दोष मानून भराव घातला गेला, आणि उधाणाचे पाणी पूर्वी जिथे पसरत असे ती विस्तीर्ण ताटली नाहीशी होऊन तिच्या जागी भिंतींमधले पात्र उरले. पाणी पसरू शकले नाही की ते उंचावते, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यातील कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ मध्ये अंतिम निकालात ती कायम केली, त्यामुळे मिठीच्या मुखाशी जे तिवर उरले आहेत त्यांना कायद्याचे कवच मिळाले आहे. गेलेले खाजण मात्र कोणत्याही आदेशाने परत येणारे नाही.

याच काठावर, धारावीच्या बाजूला, एक समाधान देणारी गोष्ट घडली ती सांगणे अगत्याचे आहे. शहराचा कचरा टाकण्याच्या सुमारे ३७ एकरांच्या जागेवर १९८३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या उपस्थितीत वृक्षारोपणाला आरंभ झाला आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तिथे दाट झाडी आहे, फुलपाखरे आणि पक्षी आहेत, आणि शाळांच्या सहली येतात. कचऱ्याच्या ढिगावर वन उभे राहू शकते हे याने सिद्ध झाले. मात्र या उद्यानाच्या कडेने वाहणाऱ्या नदीला त्या परिवर्तनात वाटा मिळाला नाही.

भरतीच्या वाटेने वर सरकत गेल्यास कुर्ल्याजवळ नदीचा स्वभाव बदलतो, आणि २६ जुलै २००५ च्या दिवसाचा अर्थ लागतो तो याच ठिकाणी. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर त्याच काळात कुलाब्यात ती ७५ मिलिमीटरांच्याही आत राहिली. म्हणजे संकट उपनगरांचे होते आणि त्यातही मिठीच्या पाणलोटाचे होते. सांताक्रूझचा आकडा सबंध पाणलोटाला लावून पाहिला तर त्या एका दिवसात साधारण ७ कोटी घनमीटर पाणी पडले असा अंदाज निघतो, आणि हे पाणी विहार तलाव काठोकाठ भरल्यावर त्यात जेवढे मावते त्याच्या सुमारे अडीच पट आहे. हे पाणी उतरू लागले त्याच दुपारी माहीमला ४.४८ मीटरांची भरती होती. शहरातील पर्जन्य जलवाहिन्या, म्हणजे केवळ पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी केलेली गटारे आणि नाले, ताशी २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्या वेळी ओहोटी असेल असे गृहीत धरून आखलेल्या होत्या. त्या दिवशी ही दोन्ही गृहीतके एकदम कोसळली. जलवाहिन्यांची तोंडे भरतीच्या पातळीखाली गेली की आतले पाणी बाहेर पडण्याऐवजी मागे दाटते, आणि मागे म्हणजे लोकांच्या घरात. राज्यभरात त्या पुरात हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांतील कित्येक मुंबईतली होती.

पुराची कारणे शोधण्यासाठी शासनाने ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली आणि तिचा अहवाल २००६ मध्ये आला. चितळे यांना १९९३ मध्ये स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला होता आणि सबंध देशातील नद्यांचे जलशास्त्र त्यांना अवगत होते. अशा माणसाने अठरा किलोमीटरांच्या एका नदीकडे नाल्यांचे उतार, पुलांच्या कमानी आणि पर्जन्यमापकांच्या जागा इथपर्यंत बारकाईने पाहावे, यात त्या लहान नदीची योग्यता प्रथमच मान्य झाली असे म्हटले पाहिजे. समितीने जे अडथळे दाखवले त्यांत विमानतळाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. धावपट्ट्या आणि विमाने त्यांवर जाण्या-येण्यासाठी वापरतात ते मार्ग जसजसे लांबत गेले तसतशी नदी त्यांच्या खालच्या बंदिस्त मार्गांतून नेण्यात आली आणि तिला जवळजवळ काटकोनात वळवण्यात आले. वाहत्या पाण्याला असे वळण दिले की त्याचा वेग मोडतो, वळणाच्या आत गाळ बसतो आणि वरच्या बाजूला पाण्याची फुगवटी तयार होते. विमानतळाच्या खालच्या अंगाला बैलबाजार आणि क्रांतीनगर या कुर्ल्याच्या वस्त्या आहेत. वरून वळणे घेत आलेले पाणी आणि खालून चढलेली भरती यांची गाठ पडते ती त्यांच्याच पट्ट्यात, आणि म्हणून आजही मोठ्या पावसात नदी धोक्याच्या पातळीकडे सरकली की क्रांतीनगरच्या रहिवाशांना बिऱ्हाडे सोडून सुरक्षित जागी जावे लागते. या रहिवाशांना अतिक्रमण करणारे म्हणून दोष देण्याची सवय शहराला लागलेली आहे. नदीच्या जागेत धावपट्टीही आहे, कार्यालयांचे संकुलही आहे आणि झोपडीही आहे. परंतु दरवर्षी सामान डोक्यावर घेऊन निघावे लागते ते झोपडीतल्या माणसाला, आणि न्यायाने विचार करणाऱ्या कोणालाही हा भेद डोळ्याआड करता येणार नाही.

पुरानंतर मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, पात्र रुंद आणि खोल करण्यात आले, दोन्ही काठांवर संरक्षक भिंती उभ्या राहिल्या. पूर्वीपेक्षा अधिक पाणी आता वाहून जाऊ शकते, हे या कामाचे श्रेय आहे. मात्र भिंतीमुळे नदी आणि काठ यांचा संबंध तुटला. आजूबाजूच्या सखल गल्ल्यांतले पाणी पात्रात उतरायला भिंतीतल्या ठरावीक तोंडांवरच अवलंबून राहिले, आणि रहिवाशांच्या नजरेतून नदीच नाहीशी झाली. जी नदी दिसत नाही तिच्यात काय टाकले जाते याची चाड कोण बाळगणार?

साकीनाका, जरीमरी आणि सफेद पूल या भागांत या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या रंगात मिळते. येथे भंगाराची गोदामे, रसायनांची आणि तेलाची रिकामी पिंपे धुणाऱ्या जागा, लहान कारखाने आणि मलनिःसारणाची सोय नसलेली हजारो घरे आहेत, आणि या सर्वांचे सांडपाणी नाल्यांवाटे मिठीत येते. पावसाळ्याचे चार महिने वगळता नदीला स्वतःचे असे पाणी जवळजवळ नसते. उरलेले आठ महिने जे वाहताना दिसते ते शहराने वापरून टाकलेले पाणी असते. मुंबईकराच्या मनात मिठीची जी प्रतिमा आहे ती या आठ महिन्यांची आहे, आणि त्यामुळेच तिच्याकडे एरवी गटार म्हणून आणि पावसाळ्यात वैरी म्हणून पाहिले जाते. बापट नाला आणि सफेद पूल नाला यांचे सांडपाणी पात्रात येण्याआधीच अडवून बोगद्यावाटे धारावीच्या प्रक्रिया केंद्राकडे नेण्याची योजना महापालिकेने हाती घेतली, ती या दिशेची सर्वांत विचारपूर्वक आखलेली योजना म्हणता येईल, कारण गाळ उपसण्याचा खर्च दरवर्षी नव्याने करावा लागतो, तर सांडपाणी मुळाशी वळवले की ते कायमचे वळते. मात्र तसे झाल्यावर उन्हाळ्यात पात्र कोरडे पडेल, आणि तेव्हा नदीला पाणी कोण देणार हा प्रश्न उगमाकडे घेऊन जातो.

मिठीचा उगम विहार तलावाच्या सांडव्यापाशी आहे, आणि त्याच्या खाली दोन किलोमीटरांवर पवई तलावाचे सांडव्याचे पाणी मिठीला मिळते. १८९०-९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव त्या कामी उपयोगी ठरला नाही. त्याच्या काठी १९५८ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था आली, आणि आज जलपर्णीच्या थरांखाली त्यातल्या मगरी कशाबशा टिकून आहेत.

विहारची कथा वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला विहिरी आणि तळी यांवर जगणाऱ्या मुंबई बेटाला पाणी पुरेनासे झाले, तेव्हा हेन्री कोनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार साष्टीच्या डोंगरातील खोऱ्यात तीन बांध घालून पाणी अडवण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये पुरे झाले. नळाने आलेले मुंबईचे पहिले पाणी हे विहारचे होते. याच डोंगरात कान्हेरीच्या बौद्ध भिक्षूंनी कातळात पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, खोदून पावसाचे पाणी वर्षभर पुरवण्याची व्यवस्था कित्येक शतके आधी केली होती आणि ती दान देणाऱ्यांची नावे शिलालेखांत कोरून ठेवली होती; त्या टाक्यांनी अंगावर पडणारा पाऊस साठवला, तर विहारच्या बांधांनी एका नदीचे मूळच उचलले. पुढे तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या नद्यांचे पाणी मुंबईत आले आणि विहारचा वाटा एकूण पुरवठ्यात अगदी अल्प उरला, तरी व्यवस्था तीच राहिली. तलाव भरून सांडला तरच मिठीला पाणी मिळते. शहराची तहान भागवण्यासाठी आपला उगम देणारी ही मुंबईची पहिली नदी आहे, आणि या ऋणाची जाणीव शहराच्या व्यवहारात कुठेही आढळत नाही. विहारच्या आजच्या साठ्यातला लहानसा हिस्सा जरी हिवाळ्या-उन्हाळ्यात खाली सोडला तरी सांडपाणी वळवल्यानंतरच्या पात्रात जिवंत प्रवाह राहू शकेल, आणि त्याची भरपाई प्रक्रिया केलेले पाणी उद्योगांना पुरवून करता येईल. अभियंत्यांना अवघड वाटावे असे यात काही नाही.

विहार आणि पवई यांच्या मधला, फिल्टरपाडा आणि आरे यांच्या आसपासचा भाग हाच असा आहे की जिथे मिठीला अजून काठ आहे. वारली पाडे, गवत, झाडी आणि पावसात भरणारे ओहोळ यांच्यामुळे तिथे पडलेले पाणी जमिनीत मुरते आणि सावकाश उतरते. मेट्रोच्या कारडेपोसाठी याच आरेतील नदीकाठची जागा निवडली गेली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथली दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा पूरमैदानाचा होता. पूरमैदान म्हणजे नदी फुगली असता जिथे तिचे पाणी निरुपद्रवीपणे पसरते ती सपाट जमीन. वादात झाडांची चर्चा अधिक झाली आणि हा मुद्दा मागे पडला, हे दुर्दैवाचे होते, कारण आरेत पाणी जितके कमी थांबेल तितके ते कुर्ल्यात लवकर पोहोचेल.

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये विहार तलाव भरून वाहू लागल्याची बातमी वर्तमानपत्रांत आनंदाने छापली जाते, आणि पाण्याच्या चिंतेत असलेल्या शहराला तो आनंद वाटणे स्वाभाविकच आहे. त्या क्षणापासून मात्र डोंगरावर पडणाऱ्या पावसाला अडवणारे काही उरत नाही आणि तो सांडव्यावरून थेट मिठीत उतरू लागतो. सांडव्यावरील पाण्याची उंची, माहीमच्या भरतीची वेळ आणि विमानतळाच्या वरच्या अंगाला पडणारा पाऊस या तिन्ही नोंदी रोज वेगवेगळ्या ठिकाणी घेतल्या जातात. त्या एकत्र वाचून क्रांतीनगरातल्या माणसाला काही तास आधी समजतील अशा भाषेत सांगितल्या, तर तलाव भरल्याची बातमी त्याच्याही उपयोगाची होईल.